पाच तारे आणि एक बी

गेल्या व्याख्यानात आपण अ‍ॅरिस्टॉटलचा शक्यता आणि वास्तव हा भेद पाहिला. बी म्हणजे झाड नव्हे. आज हाच भेद आपण अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये तपासू.

तिथे शाळकरी खेळाडूंना तारे देतात, जास्तीत जास्त पाच. पण सतराव्या वर्षी मोजतो काय आपण? ज्याचं शरीर लवकर भरलं, तो शाळेत अंगबळावर जिंकतो. कॉलेजात बाकीचे त्याला गाठतात, आणि मग राहतं ते शिकणं.

1993 साली पेनसिल्व्हेनियातला क्वार्टरबॅक रॉन पॉवलस नोटर डेम विद्यापीठात आला. समालोचक बीनो कुक म्हणाले, हा हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, दोनदा जिंकणार. झालं काय? पहिल्या हंगामाआधीच त्याचं गळ्याचं हाड मोडलं. 1996 नंतर प्रशिक्षकही बदलले. तरी त्याने विद्यापीठाचे पासिंगचे विक्रम केले. हाइझमन मात्र एकदाही नाही. लोक म्हणाले, अपेक्षाभंग!

उलट जे. जे. वॉट. दोनच तारे. शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनला गेला, जागा बदलून शिकला, आणि पुढे व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम बचावपटू तीनदा ठरला.

म्हणजे बघा, बीला माती लागते, ऋतू लागतो. पॉवलस चार हंगाम खेळला. चुकलं ते भाकीत. शिक्षा मात्र मुलाला झाली. आपल्या घरातल्या हुशार मुलाकडे पाहताना एवढं लक्षात ठेवू या.