गोव्याची डच नाकेबंदी आणि ‘बोना एस्पेरांझा’ प्रकरण

गोव्याहून मकावकडे निघालेले ‘बोना एस्पेरांझा’ हे इंग्रजी जहाज १६४३ साली मलाक्काच्या सामुद्रधुनीत डचांनी पकडले. जहाज इंग्रजांचे होते, ते भाड्याने घेणारे गोव्यातील पोर्तुगीज होते आणि युद्ध पोर्तुगीज व डच यांच्यात चालू होते. तटस्थ देशाच्या जहाजातील माल युद्धकाळात सुरक्षित असतो काय, या प्रश्नावरून उद्भवलेला हा वाद सुमारे चोवीस वर्षे युरोपातील दरबारांत गाजत राहिला.

या वादाचे मूळ गोव्याच्या नाकेबंदीत होते. १६३६ पासून डच आरमार दरवर्षी पावसाळा सरताच मांडवीच्या मुखाबाहेर नांगर टाकी आणि पुढील पावसाळ्यापूर्वी परते. विजापूरच्या आदिलशहाच्या परवानगीने १६३७ मध्ये डचांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. या नाकेबंदीस तिचा मोठा आधार होता. पूर्वेकडचा व्यापार चालू ठेवण्यासाठी पोर्तुगिजांना तटस्थ निशाणाची गरज भासू लागली.

त्याची वाट आधीच खुली झाली होती. सुरतेच्या इंग्रज वखारीचा अध्यक्ष विल्यम मेथवोल्ड आणि गोव्याचा विजरई लिन्यारिशचा काउंट यांनी जानेवारी १६३५ मध्ये गोव्यात युद्धविराम केला. त्याच वर्षी ‘लंडन’ हे इंग्रजी जहाज पोर्तुगिजांच्या भाड्याने मकावला गेले आणि पुढे सुखरूप परतले.

‘बोना एस्पेरांझा’च्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. हे जहाज ईस्ट इंडिया कंपनीचे नव्हते. कारवारला वखार घालणाऱ्या विल्यम कोर्टीन याच्या प्रतिस्पर्धी मंडळाचे होते. मलाक्का १६४१ मध्येच डचांच्या ताब्यात गेले होते. त्याच वर्षी युरोपात डच-पोर्तुगीज तह झाला, तरी श्रीलंकेतील दालचिनीच्या प्रदेशावरून आशियातील युद्ध थांबले नव्हते. डचांनी जहाज व माल दोन्ही जप्त केले. माल शत्रूचा, हा त्यांचा युक्तिवाद. निशाण मित्राचे, हा इंग्रजांचा. कोर्टीनचे दिवाळे निघाले आणि नुकसानीचा दावा त्याच्या वारसांकडे व सावकारांकडे गेला.

१६६२ च्या इंग्रज-डच तहाने पूर्वेकडील जुने दावे संपुष्टात आणले. मात्र ‘बोना एस्पेरांझा’ आणि ‘बोना अॅडव्हेंचर’ या दोन जहाजांबाबत ‘सुरू केलेला दावा पुढे चालवण्याची’ मुभा ठेवली. या शब्दांवरूनच नवे भांडण पेटले. दावा डच न्यायालयातच चालावा, असे डच मुत्सद्दी यान द विट याचे म्हणणे होते. हेगमधील इंग्रज वकील जॉर्ज डाउनिंग याला दोन सरकारांमधील वाटाघाटी हव्या होत्या. तडजोड झाली नाही. १६६५ मध्ये दोन्ही राष्ट्रांत युद्ध जुंपले. त्यामागील अनेक तक्रारींत हीही एक होती. १६६७ च्या ब्रेडा तहाने जुने दावे मिटवले आणि भरपाईची आशा मावळली.

गोव्यापुरती ही नाकेबंदी नोव्हेंबर १६४४ मधील डच-पोर्तुगीज कराराने उठली. पुढील दशकात ती पुन्हा बसली. तटस्थ जहाजावरील शत्रूचा माल निषिद्ध नसल्यास पकडू नये, हे तत्त्व इंग्रज व डच यांनी १६७४ च्या सागरी तहात परस्परांपुरते मान्य केले.  प्रमुख युरोपीय सत्तांनी हे तत्त्व स्वीकारण्यास मात्र १८५६ चा पॅरिस जाहीरनामा उजाडावा लागला.