एका बाडाची प्रत

काही वर्षांपूर्वी एका कीर्तनकार घराण्यातले बाड आम्ही छायाचित्रांत उतरवून घेतले. बोरूने लिहिलेले, कडा वाळवीने खाल्लेले; आत बाळबोधीत अभंग, आरत्या, आख्यानांची टाचणे आणि अधूनमधून मोडीत घरखर्चाचा हिशेब. तीनशेच्या आसपास छायाचित्रे कॅमेऱ्याच्या कार्डावरून एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घेतली आणि पुढच्या कामासाठी कार्ड पुसून टाकले. या कृतीला आम्ही 'बॅकअप' म्हणत होतो. वास्तविक ते नुसते स्थलांतर होते. दोन वर्षांनी डिस्क टकटक आवाज करू लागली आणि एके दिवशी संगणकाला दिसेनाशीच झाली. बाड पुन्हा मागावयास गेलो, तेव्हा घरातल्या काकू म्हणाल्या, "अहो, तुम्ही फोटो काढून नेलेत ना, म्हणून तर ह्यांनी ते नदीत सोडलं." जीर्ण पोथी विसर्जित करण्याची चाल जुनीच, आमच्या छायाचित्रांनी तिला निर्धास्तपणा पुरवला, एवढेच.

जुन्या मराठी वाङ्मयाचे आम्ही अभ्यासक, तेव्हा हे आम्हांस अगोदरच कळावयास हवे होते. लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातले पाठभेद आपण आजही वर्गात शिकवतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ताडून पाहावयास अनेक प्रती हाती असल्याखेरीज असे काम होत नाही. भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, तिच्यामागे बाराशेहून अधिक हस्तलिखिते होती. त्या प्रत्येकात चुका होत्या; पण सगळ्यांत त्याच चुका नव्हत्या आणि सगळी एका गावी नव्हती. संशोधनाचा सारा डोलारा या दोन गोष्टींवर उभा राहिला.

छायाचित्राचा जन्म मात्र प्रतीविना झाला. 1839 साली जाहीर झालेल्या दगेरच्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे. पत्रा गेला की सारे गेले. टॅलबटने 1841 मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत कागदी निगेटिव्ह आली आणि एकापासून अनेक छापे काढता येऊ लागले. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्येच स्थापन झाली होती. पुढे गावोगाव स्टुडिओ निघाले. निगेटिव्ह स्टुडिओवाल्याकडे, एक छापा भिंतीवर, एक मामाकडे, एक लेकीच्या सासरी अशी वाटणी होत गेली. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात घरे पाण्याखाली गेली. अशा वेळी भिजलेल्या अल्बमातला चेहरा परगावच्या नातलगाच्या भिंतीवर सापडू शकत असे. हे कोणी योजलेले नव्हते; छापे वाटण्याची हौस होती, इतकेच.

डिजिटल छायाचित्राने ही वाटणी मोडली. 1975 साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी बनवलेला कॅमेरा शंभर गुणिले शंभर बिंदूंची कृष्णधवल प्रतिमा कॅसेटच्या फितीवर नोंदवावयास 23 सेकंद घेई. हार्ड डिस्क त्याहून जुनी: 1956 सालच्या आयबीएमच्या यंत्रात सुमारे दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या होत्या आणि त्यांत मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या फोनचे एखादे मोठे छायाचित्रही तीत मावणार नाही. 1988 मध्ये आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबेर्ग यांनी चुंबकीय थरांचा जो गुणधर्म शोधला (त्यासाठी 2007 चे नोबेल मिळाले), त्याने तबकड्या लहान आणि पोट मात्र मोठे झाले. 2000 साली यूएसबीची दुसरी आवृत्ती आली, वेग सेकंदाला 12 मेगाबिटवरून 480 वर गेला आणि खिशात मावणारी डिस्क घरोघर पोचली. तिच्यात वाचणारी सुई तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीच्या सूक्ष्म अंशावर तरंगत असते. टेबलावरून एकदा पडणे तिला पुरते.

येथे पोथी आणि डिस्क यांतला भेद नीट पाहिला पाहिजे. हाताने केलेली प्रत चुकते, पण हळूहळू मरते. अर्धे पान वाळवीने खाल्ले तरी अर्धे वाचता येते. डिजिटल प्रत अक्षरशः निर्दोष असते आणि एका क्षणात समूळ जाते. पोथीच्या शेवटी लेखक ग्रंथसंख्या नोंदवी, बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ या मापाने. काही गळले की काय, हे त्यावरून ताडता येई. संगणकातले 'चेकसम' हेच काम करते. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने 2005 च्या सुमारास रूढ केलेला नियमही असाच साधा आहे: प्रती तीन, माध्यमे दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या जागी. नियम वाचून आम्हांस मामाच्या भिंतीवरचा छापा आठवला. असो.

आमच्या एका विद्यार्थ्याने मोडी वाचनाच्या सरावासाठी त्या वेळी काही पाने आपल्या पेन ड्राइव्हवर घेतली होती, असे पुढे कळले. ती 41 पाने आता तीन ठिकाणी आहेत आणि दर सहा महिन्यांनी आम्ही ती उघडून पाहतो. त्यांत अभंग एकही नाही. तेल, गूळ, जोंधळे, आणि एका पानावर लुगड्याचे उधार.