मातीची ओढ आणि राष्ट्रपतिपद

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत मतदान गुप्त असले, तरी मतमोजणी राज्यवार जाहीर होते. म्हणून राज्यांचा कल ताडता येतो. २००७ साली जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या कन्या प्रतिभाताई पाटील उभ्या राहिल्या, तेव्हा मराठी उमेदवार म्हणून शिवसेनेने मित्रपक्ष भाजपची साथ सोडून त्यांना पाठिंबा दिला. ताई विजयी झाल्या, खानदेश सुखावला.

२०१२ साली मेघालयाचे सुपुत्र, कॅथलिक पूर्णो संगमा उभे राहिले. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचे मूल्य १७५, मेघालयाच्या अवघे १७. १९७१ च्या जनगणनेचा हा हिशेब! तेवढेही सारे त्यांच्या पदरी पडले नाही. काँग्रेसशासित मेघालयाच्या बहुसंख्य आमदारांनी प्रणव मुखर्जींनाच कौल दिला. आपल्या मातीपेक्षा पक्ष जवळचा ठरला, असेच म्हणावे लागते. शिवसेनेने त्याही वेळी भाजपची साथ सोडली, पण बंगालच्या मुखर्जींसाठी.