मडक्यातली बडीशेप

मडक्यात बडीशेप पेरायची चाल फार जुनी. सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या अथेन्स शहरी बायका फुटक्या मडक्यांत बडीशेप आणि सॅलडचा पाला पेरून ती मडकी छपरावर ठेवीत. कोंब झटपट येत अन् तसेच करपून जात. पुराणातला ॲडोनिस ऐन तारुण्यात मेला, त्याचा हा शोक.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस हाच दाखला देतो. शहाणा शेतकरी मोलाचे बी आठ दिवसांच्या शोभेसाठी टाकणार नाही. जमीन पाहून पेरील, आठव्या महिन्यापर्यंत थांबेल. विद्येचेही तसेच, असे त्याचे सांगणे.

आज गड्ड्याची बडीशेप घरातही लावतात. पण उथळ कुंडीत गड्डा काही पोसत नाही. शेतकऱ्याने जाणावे, मास्तरांनीही!