मुन्स्टरांची 'कुरूप' मेरिलिन

'द मुन्स्टर्स' ही मालिका अमेरिकेत १९६४ ते १९६६ अशी दोन वर्षे चालली. मी मात्र तिचे भाग उतारवयात, नातवाबरोबर पाहिले. आई लिली आणि आजोबा रक्तपिपासू पिशाच्च, वडील हर्मन फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसासारखे. भाची मेरिलिन सोनेरी केसांची, देखणी. पण घरच्यांना तिच्या रूपाचीच काळजी! तिचा मित्र हर्मनला पाहून धूम ठोकतो आणि हे सारे तिचीच समजूत घालतात. हे प्रसंग माझे सर्वांत आवडते.

१९६४ मध्येच तिथे वर्णभेदाविरुद्ध नागरी हक्क कायदा झाला. रूपरंगावर माणूस तोलणाऱ्यांना या विनोदाने उलटा आरसा दाखवला.

मीही शाळेच्या नाटकात एका सावळ्या मुलीला राणीऐवजी दासी केले होते. मेरिलिनला हसताना तीच आठवते.