रायगड किनारपट्टीवरील घरगुती दिवे

रायगड किनारपट्टीवरील घरगुती दिवे म्हणजे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील उरण, अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या सागरी तालुक्यांतील घरांत प्रकाश, पूजा आणि शोभा यांसाठी वापरले जाणारे दिवे होत. तेलाची समई, रॉकेलचा कंदील आणि विजेचा टेबल लॅम्प हे त्यांच्या वाटचालीतील तीन ठळक टप्पे आहेत. खारी दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि चक्रीवादळांचा धोका यांमुळे या भागात दिव्याची निवड व जागा ठरविताना शोभेबरोबरच टिकाऊपणा व सुरक्षितता यांचाही विचार करावा लागतो.

इतिहास

विजेपूर्वीच्या काळात कोकणात दिव्यासाठी खोबरेल, करंज आणि उंडी यांची तेले वापरली जात. उंडीचे झाड समुद्रकिनाऱ्याजवळ वाढते. त्याच्या बियांपासून निघणारे तेल खाण्यास योग्य नसल्याने ते 'कडू तेल' म्हणून ओळखले जाई व प्रामुख्याने जाळण्यासाठी उपयोगी पडे.

या किनाऱ्यावरील बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजातील अनेक कुटुंबे तेलघाणा चालवीत. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, ती घाणा बंद ठेवीत. त्यावरून त्यांना 'शनिवार तेली' असे नाव पडले. शब्बाथमध्ये अग्नी पेटविणे वर्ज्य असल्याने शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच दिवा लावण्याची प्रथा आहे. १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाल्यानंतर या समाजातील बहुसंख्य लोक तिकडे स्थलांतरित झाले. अलिबाग व रेवदंडा येथील सिनेगॉग मात्र आजही त्यांच्या वास्तव्याची साक्ष देतात.

रॉकेलच्या प्रसारानंतर चिमणी व कंदील घरोघरी आले. सातारा जिल्ह्यातील ओगलेवाडी येथील ओगले काच कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात विशेष प्रसिद्ध होता. वीज आल्यावर कंदील अडगळीत गेला, तर समई देवघरापुरती उरली. बैठकीच्या खोलीत ट्यूबलाइट आणि पुढे एलईडी दिवे आले. केंद्र सरकारच्या २०१५ मधील उजाला योजनेमुळे एलईडी बल्ब स्वस्त झाले.

पारंपरिक दिवे व त्यांच्या जागा

कोकणी घरात अंगण, पडवी, ओटी, माजघर व देवघर अशी रचना असे आणि प्रत्येक ठिकाणचा दिवा वेगळा असे.

समई : पितळेची उभी दिवटी. बैठक, दांडा व तेलाची वाटी हे तिचे भाग बहुधा सुटे करता येतात. देवघरात, तसेच गणेशोत्सवात मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ती ठेवतात.
लामणदिवा : साखळीने टांगलेला दिवा. जमिनीवरील जागा न अडवता तो मोठ्या भागात उजेड देतो.
निरांजन : ओवाळण्यासाठी वापरला जाणारा लहान तुपाचा दिवा.
पणती : मातीचा उथळ दिवा, तुळशी वृंदावनात व दिवाळीत लावतात.
कोनाड्यातील दिवा : भिंतीतील कोनाड्यामुळे ज्योत वाऱ्यापासून सुरक्षित राही आणि चुन्याने सारवलेली भिंत उजेड परावर्तित करी.

पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात भारतीय दिव्यांचा मोठा संग्रह आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आपला संग्रह १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला.

लहान बैठकीच्या खोलीतील टेबल लॅम्प

निवड

१० फूट लांब व १२ फूट रुंद अशा खोलीत छताला एकच प्रखर दिवा असल्यास कोपरे अंधारे राहतात व चेहऱ्यांवर सावल्या पडतात. त्याऐवजी ४०० ते ८०० ल्युमेन प्रकाश देणारे दोन किंवा तीन लहान दिवे वेगवेगळ्या उंचीवर ठेवल्यास उजेड समान पसरतो. जुन्या ६० वॅटच्या बल्बइतका, म्हणजे सुमारे ७०० ल्युमेन, प्रकाश ७ ते ९ वॅटचा एलईडी बल्ब देतो. बैठकीसाठी २७०० ते ३००० केल्विन रंगतापमानाचा पिवळसर उजेड योग्य मानला जातो; तो तेलाच्या ज्योतीच्या रंगाला तुलनेने जवळचा असतो. भारतात खटक्याने बसणारे बी २२ होल्डर प्रचलित असले, तरी शोभेच्या अनेक दिव्यांत आट्यांचे ई २७ होल्डर असतात; त्यामुळे बल्ब घेण्यापूर्वी होल्डर पाहणे आवश्यक ठरते.

शेडची उंची दिव्याच्या दांड्याच्या सुमारे दोन तृतीयांश असावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. शेड बैठकीपेक्षा फार रुंद असल्यास दिवा सहज कलंडतो. लहान मुले असलेल्या घरात जड बैठकीचा दिवा अधिक सुरक्षित असतो.

मांडणी

बसलेल्या व्यक्तीच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली शेडची खालची कड आली, तर बल्ब डोळ्यांवर चमकत नाही. सोफ्यावर ही पातळी जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटिमीटर असते. भारतीय बैठकीवर ती बरीच खाली येते. म्हणून तेथे उंच टेबलापेक्षा चौरंग किंवा बुटके स्टूल सोयीचे ठरते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी दिवा डावीकडे ठेवल्यास हाताची सावली कागदावर पडत नाही. दूरदर्शन संचाच्या समोर ठेवलेल्या दिव्याचे प्रतिबिंब पडद्यावर दिसते. संचाच्या बाजूला ठेवलेल्या दिव्यामुळे मात्र अंधारात पडदा पाहताना डोळ्यांवर येणारा ताण कमी होतो. फिकट रंगाच्या भिंतींच्या कोपऱ्यातील दिवा खोली मोठी भासविण्यास मदत करतो.

पश्चिमेकडील खिडकीजवळ पावसाळ्यात पाण्याचे तुषार येत असल्याने तेथे विजेचा दिवा ठेवणे धोक्याचे असते. वायर वाटेतून किंवा सतरंजीखालून न नेता भिंतीलगत न्यावी. तेलाची समई पंख्याच्या झोतात व पडद्यांजवळ ठेवू नये.

हवामान व निगा

समुद्री हवेतील क्षार व ओलावा यांमुळे लोखंड लवकर गंजते आणि पितळेवर हिरवट थर चढतो. दिव्याच्या होल्डरमधील धातूचे संपर्कबिंदू खराब झाल्यास बल्ब लुकलुकतो व जोड तापतो. या कारणाने किनाऱ्यालगत चिनी माती, काच, जाड पितळ किंवा चांगल्या प्रतीचे स्टेनलेस पोलाद यांचे दिवे अधिक टिकतात. कापडी व कागदी शेडवर पावसाळ्यात बुरशी येते. बांबू व वेताच्या शेडला बुरशीबरोबरच भुंग्याचाही उपद्रव होतो. अशा शेड नियमित कोरड्या फडक्याने पुसाव्या लागतात.

साधे पितळ चिंचेने घासण्याची रीत जुनी आहे. चिंचेतील आम्ल पितळेवरील थर विरघळविते. लाखेचा किंवा तत्सम पारदर्शक थर दिलेले पितळ मात्र असे घासल्यास तो थर निघून जातो. आषाढ अमावास्येला, म्हणजे दीपअमावास्येला, घरातील सर्व दिवे घासून-पुसून त्यांची पूजा केली जाते. भर पावसात येणाऱ्या या दिवसामुळे दिव्यांची वार्षिक सफाईही होते.

जुन्या समईला भोक पाडून तिचा टेबल लॅम्प करण्याची पद्धत दिसते. असे केल्यावर ती पुन्हा तेलासाठी वापरता येत नाही व तिचे संग्रहमूल्य घटते. धातूच्या अशा दिव्याला तीन पिनांचा प्लग व भूसंपर्क असणे अत्यावश्यक आहे, कारण वायरचे आवरण झिजल्यास संपूर्ण दिव्यात २३० व्होल्टचा प्रवाह उतरू शकतो. घराच्या मंडलात ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक उपकरण असल्यास हा धोका बराच कमी होतो.

वीजपुरवठा व चक्रीवादळे

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन तालुक्यांत विजेचे असंख्य खांब कोसळले आणि अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. अशा वेळी पुनर्भारित होणारे एलईडी दिवे, सौर कंदील आणि घरातील समई हाच आधार असतो. त्यामुळे शोभेच्या दिव्यांपैकी निदान एक बॅटरीवर चालणारा असणे या भागात उपयुक्त ठरते.

किनाऱ्यावरील परिणाम

हरिहरेश्वर, दिवेआगर आदी किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. अंड्यांतून बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजावरील उजळ भागाकडे, म्हणजे नैसर्गिक स्थितीत समुद्राकडे, सरकतात. किनाऱ्याजवळील घरांचे प्रखर पांढरे दिवे त्यांना विरुद्ध दिशेला ओढतात. समुद्राकडील खिडकीत दिवा न ठेवणे, रात्री पडदे लावणे व मंद पिवळसर प्रकाश वापरणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

हे सुद्धा पहा

समई
लामणदिवा
दीपअमावास्या
बेने इस्रायल
निसर्ग चक्रीवादळ