लक्ष्मीबाईंची चिंता आणि लक्ष्मीबाईंचे स्मरण

लासूर स्टेशनवरून मनमाडला जावे, तेथे दौंडकडची गाडी धरावी, की वाटेत राहुरी लागते. ज्यांची भजने मराठी ख्रिस्ती उपासनेत आजही म्हटली जातात, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा संसार काही वर्षे या राहुरीस होता. टिळकांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या मनाविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण मंडळात बसले की भगिनींच्या तोंडून एकच गोष्ट फिरून फिरून ऐकू येते : विचार थांबत नाहीत हो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

लक्ष्मीबाईंच्या घरात भय त्यांच्या जन्माआधीच येऊन बसले होते. 1868 साली नाशिकजवळच्या जलालपुरास गोखल्यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. 1857 च्या बंडाच्या धामधुमीत जवळच्या एका नातलगाला फाशी झाली होती, आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. घरात येईल ती वस्तू धुवावयाची, मीठसुद्धा! मीठ धुतल्यावर उरते काय, हे निराळे सांगावयास नको. भ्यालेले मन असेच काहीतरी हाती धरून बसते.

मुलीने वडिलांचे सोवळे उचलले. तशात 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. नवरा जिवंत असून नाहीसा झाल्यासारखा! पदरी लहान दत्तू. लोकांची बोलणी निराळीच. त्या काही काळ पंढरपुरास नातलगांकडे राहिल्या. पुढे पतीकडे परत आल्या, तरी आपली चूल वेगळी ठेवली. एका घरात दोन चुली म्हणजे काय, हे ज्या बाईने अनुभवले असेल तिलाच कळेल.

हा पीळ कोणाच्या उपदेशाने सुटला नाही. माणसे देवाने घडविली, जाती माणसांनी, हा विचार त्यांचा त्यांनाच सुचला, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचे ठरविले. 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पाणी आधी, धर्म नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

म्हणून चिंता संपली का? छे! हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन मोकळे होणे ही टिळकांची रीत, आणि उद्याच्या पिठाची काळजी बाईंकडे. 1917 साली तर त्यांनी संन्यास घेऊन 'देवाचा दरबार' काढला. श्रद्धेने काळजीचे कारण जात नाही. लक्ष्मीबाईंचे मात्र एवढे झाले, की काळजी करीत बसण्याऐवजी त्या उठून कामाला लागत. अनाथ पोरे सांभाळीत, प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा करीत.

9 मे 1919 रोजी टिळक वारले. आता कामालाही मन लागेना अशा वेळी बाईमाणसाने काय करावे? बायबलातील 77 व्या स्तोत्राचा कवी असाच झोप उडालेला माणूस आहे. तो देवाला प्रश्न विचारतो, कुरकुर करतो, आणि शेवटी देवाने पूर्वी काय काय केले ते आठवीत बसतो. प्रश्नांचे उत्तर मिळाले असे तो कोठेही म्हणत नाही. ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाचा विधी आहे, तोही मुळात स्मरणाचाच. नामस्मरण करणाऱ्या आपल्या आयाबायांना यात परके काही वाटू नये.

लक्ष्मीबाईंनी हेच केले. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिणार, त्याला साहित्य हवे, म्हणून त्या आठवणी लिहू लागल्या. शाळा कधी पाहिली नव्हती. अक्षरे पतीने शिकविलेली. त्या लेखनातून 'स्मृतिचित्रे' झाली. चार भागांत, 1934 ते 1936 या काळात. टिळकांनी अर्धवट टाकलेले 'ख्रिस्तायन'ही त्यांनी पुढे चालविले आणि त्यात 64 अध्यायांची भर घातली. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' 1938 साली निघाले.

ज्या भगिनींनी 'स्मृतिचित्रे' वाचले नसेल त्यांनी ते सुरुवातीपासून वाचावे. ते धुतलेले मीठ तेथेच आहे, आणि ज्या घरात त्याने सर्वांना रडविले, त्याच घरातील लेक ते सांगताना हसते आहे.